घेवड्याचा वेल आणि सूर्याचा कुंभ

भौतिकशास्त्रातील एखाद्या विषयावर मराठीच्या प्राध्यापकाने लेखणी उचलावी काय, हा प्रश्न कुणी विचारला तर तो रास्तच म्हणावा लागेल. प्रस्तुत लेखकाचे विज्ञानाचे औपचारिक शिक्षण शालान्त परीक्षेपाशीच थांबले. तेव्हा अणुकेंद्रांच्या संमीलनातून वीज निर्माण होईल की नाही, यावर निवाडा देण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. मात्र या विषयाला दुसरीही एक बाजू आहे, आणि ती आमच्या अभ्यासक्षेत्रात येते. संमीलनाची वीज अद्याप कोणत्याही घरात पोहोचलेली नाही. गेली सत्तर वर्षे आपल्यापर्यंत पोहोचत आहे ते तिचे आश्वासन. आश्वासन ही भाषेतून घडणारी कृती असते. ते कोणी दिले, कोणत्या शब्दांत दिले, कोणत्या अलंकाराच्या आधाराने दिले, मुदत किती घातली आणि मुदत टळल्यावर त्याच शब्दांचे काय झाले, हे तपासणे हे साहित्याच्या विद्यार्थ्याचेच काम आहे.

आरंभ पारिभाषिक संज्ञेपासून करू. दोन हलकी अणुकेंद्रे एकत्र येऊन एक जड केंद्र बनण्याच्या क्रियेला मराठीत संमीलन, संलयन, संघटन असे निरनिराळे शब्द वापरले जातात. त्यांपैकी 'संमीलन' हा शब्द आपल्या जुन्या पंचांगांत फार पूर्वीपासून आहे. पण तेथे त्याचा अर्थ निराळा आहे. खग्रास ग्रहणात स्पर्श, संमीलन, मध्य, उन्मीलन आणि मोक्ष अशा पाच वेळा देतात. बिंब संपूर्ण झाकले जाण्याचा क्षण म्हणजे संमीलन, आणि ते पुन्हा उघडू लागण्याचा क्षण म्हणजे उन्मीलन. मुळात हा शब्द डोळे मिटण्याचा. सूर्य ज्या क्रियेने प्रकाशतो तिला आपण असा शब्द योजला, की जो सूर्य दिसेनासा होण्याच्या क्षणाला आधीच दिलेला होता. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. तथापि हा विषय मराठीत आला तो नीट डोळे उघडून आला काय, ही शंका मनात येण्यास तो पुरेसा आहे.

क्रिया समजून घेण्यासाठी आमच्या नृसिंहवाडीचा दृष्टान्त उपयोगी पडेल. येथे कृष्णा आणि पंचगंगा यांचा संगम आहे. पंचगंगा स्वतःच कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती यांच्या मिलनातून झालेली. नद्यांचे हे मिलन सहज घडते, कारण पाणी उताराने धावते आणि उतार दोघींनाही एकाच ठिकाणी आणतो. अणुकेंद्रांचे नेमके उलट आहे. प्रत्येक केंद्रावर धन विद्युतभार असल्यामुळे ती एकमेकांना दूर लोटतात, आणि जवळ येतील तसा हा विरोध वाढत जातो. ही चढण ओलांडून ती अत्यंत निकट आली, तरच दुसरे, अधिक प्रबळ आकर्षण त्यांना एकत्र बांधते आणि वस्तुमानाचा अल्पसा अंश ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो. चढण ओलांडायची तर वेग हवा, आणि वेग म्हणजे तापमान. फ्रान्समधील कादाराश येथे उभारल्या जात असलेल्या 'ईटर' या आंतरराष्ट्रीय अणुभट्टीत सुमारे १५ कोटी अंश सेल्सियस तापमान अपेक्षित आहे. सूर्याच्या गाभ्यातील तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे, म्हणजे भट्टीतील तापमान त्याच्या दसपट. इतक्या तप्त वायूला कोणतेही भांडे धरू शकत नाही. म्हणून त्याला चुंबकीय क्षेत्राच्या कड्यात अधांतरी कोंडावे लागते. आणि तो तेथे स्वस्थ राहत नाही, ही सगळी अडचण.

येथेच वृत्तपत्रांतील लाडक्या रूपकाचा विचार करावा लागतो. संमीलनाच्या प्रत्येक बातमीवर 'कृत्रिम सूर्य' किंवा 'सूर्य पृथ्वीवर आणला' असा मथळा असतो. रूपक मोहक आहे, पण दिशाभूल करणारेही आहे. सूर्य हे अतिशय सावकाश चालणारे यंत्र आहे. त्याच्या गाभ्यातील एक घनमीटर द्रव्यातून साधारण पावणेतीनशे वॅट एवढीच शक्ती निघते. कुजणाऱ्या उकिरड्याची ऊब साधारण याच मापाची असते, आणि माणसाच्या शरीरातून तेवढ्याच आकारमानामागे याहून अधिक उष्णता निघते. सूर्य प्रचंड आहे म्हणून तो तेजस्वी आहे. दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे तो हेलियम करतो आणि त्यातील ४० लाख टनांहून अधिक वस्तुमान ऊर्जेत रूपांतरित होते. शिवाय त्याचे द्रव्य एकत्र धरून ठेवण्याचे काम त्याचे स्वतःचे गुरुत्वाकर्षण फुकट करते. पृथ्वीवरच्या भट्टीला यांपैकी काहीच मिळत नाही. तिला सूर्याची नक्कल करून चालणार नाही. सूर्याहून कितीतरी पट वेगाने, साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम आणि ट्रिटियम हे त्याचे जड भाऊबंद वापरून, गुरुत्वाकर्षणाच्या मदतीविना हे काम करावे लागेल. 'कृत्रिम सूर्य' या रूपकाने ही सारी अवघड गोष्ट झाकली जाते आणि वाचकाच्या मनात एवढेच उरते, की जे आकाशात रोज घडते ते खाली आणायचे तेवढे बाकी आहे. ज्ञानदेवांनी पसायदानात ताप नसलेल्या सूर्याची कल्पना केली. आजच्या प्रयोगशाळांना सूर्याविना त्याचा ताप हवा आहे. ज्ञानदेवांची कल्पना प्रार्थना आहे, हे आपण जाणतो. मथळ्यातील कल्पना ही रूपक आहे, याचे भान मात्र सुटते.

आता या आश्वासनाच्या इतिहासाकडे वळू. त्याचे एक महत्त्वाचे पान मुंबईच्या माणसाने लिहिले आहे, हे मराठी वाचकांना फारसे ठाऊक नसते. अणुऊर्जेच्या शांततामय उपयोगासंबंधीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद ऑगस्ट १९५५ मध्ये जिनिव्हा येथे भरली, तिचे अध्यक्ष होते डॉ. होमी भाभा. मुंबईत जन्मलेले, १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेची स्थापना करणारे, चित्रकला आणि संगीत यांत रमणारे भाभा तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. अध्यक्षीय भाषणात त्यांनी असे भाकीत केले, की येत्या दोन दशकांत नियंत्रित रीतीने संमीलनाची ऊर्जा मुक्त करण्याची पद्धत सापडेल. आणि तसे झाले की सागरातल्या जड हायड्रोजनइतके अमाप इंधन मानवजातीला लाभून तिचा ऊर्जाप्रश्न कायमचा मिटेल. त्या काळी अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांचे या विषयातील संशोधन गोपनीय होते. नव्याने स्वतंत्र झालेल्या एका गरीब देशाच्या शास्त्रज्ञाने जागतिक व्यासपीठावरून हा विषय उघडपणे उच्चारला, याचे महत्त्व कमी नाही. त्यानंतर हळूहळू पडदा उठत गेला आणि १९५८ च्या दुसऱ्या जिनिव्हा परिषदेत बरेचसे संशोधन जगापुढे आले.

परंतु भाकीत खरे ठरले नाही. दोन दशके १९७५ मध्ये संपली. भाभा त्यापूर्वीच, २४ जानेवारी १९६६ रोजी, माँ ब्लाँवरील विमान अपघातात निवर्तले होते.

एवढा मोठा शास्त्रज्ञ चुकला कसा? आमच्या मते त्यांचे भौतिकशास्त्र चुकले नव्हते. त्यांच्या भाकिताला आधार होता तो उपमेचा. अणुविखंडनाचा शोध १९३८ च्या अखेरीस लागला, १९४२ मध्ये शिकागोत पहिली अणुभट्टी चालली, १९४५ मध्ये बॉम्ब पडले आणि १९५४ मध्ये सोव्हिएत संघातील ओब्निन्स्क येथून विखंडनाची वीज तारांत खेळू लागली. शोधापासून विजेपर्यंत अवघी सोळा वर्षे. संमीलनाचा बॉम्ब तर १ नोव्हेंबर १९५२ रोजीच फुटला होता. विखंडनात बॉम्बनंतर नऊ वर्षांत वीज आली, तर संमीलनात वीस वर्षे धरणे हा सावधपणाच वाटावा. आपल्या न्यायशास्त्रात उपमान हे एक प्रमाण मानले आहे. पण ज्याची उपमा द्यायची आणि ज्याला द्यायची त्यांत साम्य नेमके कशात आहे, हे पाहिल्याशिवाय ते प्रमाण ठरत नाही. विखंडनात न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्याने तो केंद्रात सहज शिरतो, साखळी आपोआप चालते, आणि खरी कसरत असते ती तिला आवरण्याची. संमीलनात क्रिया क्षणोक्षणी विझू पाहते आणि तिला टिकवून धरणे हीच कसरत असते. एक जनावर मोकाट सुटणारे, दुसरे दावणीलाच न टिकणारे. दोघांना एकाच मापाने मोजल्यामुळे मुदत चुकली.

या आश्वासनात मुंबईचे नाव आणखी एकदा आले. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील यूटा विद्यापीठातून फ्लाइशमन आणि पॉन्स या दोन रसायनशास्त्रज्ञांनी पत्रकार परिषदेत जाहीर केले, की टेबलावर मावणाऱ्या काचपात्रात, जड पाण्यातून वीजप्रवाह सोडून, आम्ही साध्या तापमानाला संमीलन घडवले आहे. जगभर धावपळ उडाली. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातही तत्कालीन संचालक पी. के. अय्यंगार यांच्या पुढाकाराने अनेक गटांनी प्रयोग केले. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम आढळल्याची नोंद असलेला त्यांचा अहवाल डिसेंबर १९८९ मध्ये निघाला. मात्र जगातील बहुतेक प्रयोगशाळांना यूटाचा दावा पडताळता आला नाही, आणि 'शीत संमीलन' विज्ञानाच्या मुख्य प्रवाहाने स्वीकारले नाही. प्रयोग करून पाहण्यात गैर काहीच नव्हते. तो शास्त्रज्ञाचा धर्मच आहे. चूक होती ती क्रमाची. पडताळणीआधी घोषणा झाली. १९५८ च्या जानेवारीतही ब्रिटनमध्ये 'झीटा' नामक यंत्राबाबत असेच घडले होते. संमीलन साधल्याचे मथळे झळकले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात दावा मागे घ्यावा लागला.

आता वर्तमानाकडे येऊ. युरोपीय संघ, भारत, चीन, जपान, दक्षिण कोरिया, रशिया आणि अमेरिका यांनी २००६ च्या नोव्हेंबरात 'ईटर'च्या करारावर सह्या केल्या. त्या वेळी यंत्र २०१६ च्या सुमारास सुरू होईल असे सांगितले गेले. पुढे ते साल २०२० च्या आसपास सरकले, २०१६ मध्ये नवे साल आले २०२५, आणि २०२४ च्या नव्या आराखड्यानुसार संशोधनाचे काम २०३४ मध्ये, तर ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रत्यक्ष प्रयोग २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत. हे यंत्र ५० मेगावॅट उष्णता घेऊन ५०० मेगावॅट उष्णता देईल अशी अपेक्षा आहे. पण त्यातून वीज तयार करण्याची योजनाच नाही. तो प्रयोग आहे, वीजकेंद्र नव्हे. या यंत्राला वेढणारे सुमारे ३० मीटर उंच आणि तितकेच रुंद, ३,८५० टन वजनाचे पोलादी निर्वात पात्र भारताने दिले. ते लार्सन अँड टुब्रोच्या गुजरातमधील हाजिरा कारखान्यात तुकड्यातुकड्यांनी घडले आणि शेवटचे तुकडे २०२० मध्ये रवाना झाले. जगातील या तऱ्हेचे सर्वांत मोठे पात्र आपल्या कारागिरांनी वेळेत आणि चोख केले, याचा अभिमान जरूर बाळगावा. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत 'आदित्य' हे यंत्र १९८९ पासून काम करीत आले आहे, हेही लक्षात ठेवावे. तेथील शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये मांडलेल्या आराखड्यात भारताच्या प्रात्यक्षिक अणुभट्टीसाठी २०६० हे साल आहे. भाभांच्या वीस वर्षांच्या जागी आता पस्तीस आली. आमच्या दृष्टीने ही उलट प्रगतीच आहे, कारण हे साल प्रामाणिक वाटते.

डिसेंबर २०२२ मधील बातमी अनेकांना आठवत असेल. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेने ५ डिसेंबर रोजी लेसर किरणांच्या माऱ्याने एका दाण्याएवढ्या गोळीत संमीलन घडवले. २.०५ मेगाजूल आत गेले, ३.१५ मेगाजूल बाहेर आले. 'खर्चापेक्षा अधिक ऊर्जा मिळाली' असे मथळे मराठीतही आले. यातील एकही आकडा खोटा नाही. तथापि 'खर्च' या शब्दापाशी थबकायला हवे होते. २.०५ मेगाजूल ही गोळीवर पडलेली ऊर्जा. तेवढे किरण तयार करण्यासाठी लेसर यंत्रणेने विजेच्या तारांतून सुमारे ३०० मेगाजूल ओढले होते. घरातला ताळेबंद आपण असा मांडत नाही. उसाचा हिशेब करताना शेतकरी केवळ बियाण्याचा खर्च धरून 'फायदा झाला' म्हणत नाही. मशागत, खत, पाणी, तोडणी आणि वाहतूक सारे मोजतो. शास्त्रज्ञांनी आपली हिशेबाची रेघ कोठे ओढली ते उघड सांगितले होते. ती रेघ भाषांतरात गळून पडली.

हेच समुद्राच्या पाण्याबाबत. एका लिटर पाण्यातील ड्युटेरियमपासून तीनशे लिटर पेट्रोलइतकी ऊर्जा मिळेल, हे वाक्य आपण वारंवार वाचतो. गणित म्हणून ते ठीक आहे. आमच्या घाटावर भरलेल्या घागरीतही ते ड्युटेरियम आहेच. पण सध्या ज्या भट्ट्यांचा विचार चालू आहे त्यांना ड्युटेरियमच्या जोडीला ट्रिटियम लागतो. त्याचे अर्धायुष्य अवघे १२.३ वर्षे, त्यामुळे तो निसर्गात साठून राहत नाही; जड पाण्यावर चालणाऱ्या विखंडन-भट्ट्यांतून तो थोडाथोडका मिळतो. पुढे तो भट्टीच्या भिंतीत लिथियमपासून निर्माण करावा लागेल, आणि वीजनिर्मितीला पुरेल अशा प्रमाणात ते कोणी अद्याप करून दाखवलेले नाही. 'इंधन अमाप आहे' या वाक्यात ही अर्धी बाजू येत नाही.

एवढे वाचून कुणाचा असा समज होऊ नये, की प्रस्तुत लेखक संमीलनाची टवाळी करीत आहे. 'ती वीज नेहमीच तीस वर्षे दूर असते' हा विनोद आता इतका झिजला आहे, की तो सांगणाऱ्याला विचार करण्याचे कष्ट पडत नाहीत. ब्रिटनमधील 'जेट' या यंत्राने १९९७ मध्ये क्षणभर १६ मेगावॅट शक्ती दिली. २०२३ मध्ये, कायमचे बंद होण्याआधी, त्याने एका प्रयोगात ६९ मेगाजूल ऊर्जा निर्माण केली. २०२५ च्या आरंभी चीनच्या 'ईस्ट' यंत्राने १,०६६ सेकंद आणि फ्रान्सच्या 'वेस्ट'ने १,३३७ सेकंद तप्त प्लाझ्मा टिकवून धरला. दावणीला न टिकणारे जनावर आता बावीस मिनिटे टिकते, ही लहान गोष्ट नव्हे. शिवाय मूळ सिद्धान्ताबद्दल कोणालाच शंका नाही. आपल्या शरीरातील कार्बन आणि रक्तातील लोह ताऱ्यांच्या पोटात संमीलनाने कसे घडले, याची मांडणी १९५७ मध्ये फ्रेड हॉइल आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी केली. त्याच हॉइल यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर, जन्माने आमच्या कोल्हापूरचे. ताऱ्यांचे हे विज्ञान त्यांनी मराठीत असे लिहिले, की कथाही रंगावी आणि अंदाज व सिद्ध गोष्ट यांतील सीमारेषाही पुसली जाऊ नये. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांनी घालून दिलेला हा संयम मराठी विज्ञानलेखनात टिकावा, ही अपेक्षाच या लेखामागे आहे.

मग आक्षेप कशाला आहे? तो सांगण्यासाठी आमच्याच परिसरातील एका कथेचा आधार घेतो. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्राच्या अठराव्या अध्यायात, नृसिंह सरस्वतींच्या येथील वास्तव्याच्या संदर्भात, अमरापुरातील एका दरिद्री ब्राह्मणाची कथा येते. भिक्षा मिळाली नाही की त्याचे कुटुंब दारातल्या घेवड्याच्या वेलावर दिवस काढी. श्रीगुरू भिक्षेला आले, त्यांनी घेवड्याची भाजी आनंदाने स्वीकारली आणि जाताना तो वेलच उपटून टाकला. घरातील स्त्री रडू लागली. ब्राह्मणाने तिची समजूत घातली आणि वेलाचे मूळ काढण्यासाठी खणू लागला, तो खाली द्रव्याने भरलेला कुंभ सापडला. दत्तसंप्रदायातील प्रत्येक घरात ही कथा ठाऊक आहे, आणि श्रद्धेच्या चौकटीत तिचा अर्थ स्वच्छ आहे: हातचा आधार सुटल्याशिवाय खरे धन दिसत नाही.

ही कथा नीट वाचली, तर तिच्यात दोन अटी आहेत असे दिसते. पहिली, वेल उपटणाऱ्याला कुंभ कोठे आहे ते आधी माहीत होते. दुसरी, कुंभ सापडल्यावर श्रीगुरूंनी दांपत्याला बजावले, की ही गोष्ट कोठे प्रगट करू नका. संमीलनाच्या आश्वासनात या दोन्ही अटी उलट झालेल्या आहेत. कुंभ जमिनीखाली आहे हे ठाऊक आहे, पण किती खोल आहे ते कोणालाच ठाऊक नाही. आणि सापडण्याआधीच त्याचा गवगवा सत्तर वर्षे चालू आहे. अशा स्थितीत दारातल्या वेलाला हात लावणे शहाणपणाचे नाही. आमचा आक्षेप खणण्याला मुळीच नाही. खणावे, जोमाने खणावे, पिढ्यान्‌पिढ्या खणावे. आक्षेप आहे तो त्या कुंभाच्या भरवशावर वेलाकडे दुर्लक्ष करण्याला.

हा वेल म्हणजे काय, हे शिरोळ तालुक्यात राहणाऱ्याला समजावून सांगावे लागत नाही. कृष्णाकाठच्या उसाला पाणी देण्यासाठी वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीची पाळी असली की काळोखात, चिखलात, सापकिरडाच्या भीतीत शेतकऱ्याला मोटर चालू करायला जावे लागते. दिवसा वीज मिळावी या साध्या मागणीसाठी २०२२ च्या फेब्रुवारीत शेतकऱ्यांना कोल्हापुरात महावितरणच्या कार्यालयासमोर धरणे धरावे लागले. त्यावर उपाय म्हणून शासनाने मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आणली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा जाहीर झाला. ती गावोगावी किती लवकर आणि किती नेटकी पोहोचते, हा खरा चर्चेचा विषय आहे. साखर कारखान्यांचे सहवीज प्रकल्प, पश्चिम घाटाच्या पठारांवरच्या पवनचक्क्या, कृष्णेच्याच खोऱ्यातील कोयनेचे पाणी, ही सारी त्या वेलाची पाने आहेत. ती कुंभासारखी झळकत नाहीत. त्यांच्यात अडचणी आहेत, वाद आहेत, भूसंपादनाचे तंटे आहेत. पण त्यांवर आज दिवस निघतो. आणि विचार केला तर सौर पट्टीवर पडणारा प्रकाश हीदेखील संमीलनाचीच ऊर्जा आहे, पंधरा कोटी किलोमीटरवरच्या भट्टीतून साडेआठ मिनिटांच्या आत घरपोच आलेली.

काळाचे गणितही असेच सांगते. दरवर्षी पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढून दत्तपादुकांना स्पर्श करते आणि दक्षिणेकडून बाहेर पडते. त्या दक्षिणद्वार सोहळ्याची भाविक वाट पाहतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पाणी मात्र कोणीही मागितलेले नव्हते. तालुक्यातील गावेच्या गावे घरे सोडून बाहेर पडली. महापुराची कारणे अनेक आहेत, धरणांतील विसर्गापासून नदीपात्रातील अडथळ्यांपर्यंत; तथापि तापत्या हवेत अतिवृष्टीचे प्रसंग वाढतात, याविषयी हवामानशास्त्रज्ञांत फारसे दुमत नाही. कार्बन उत्सर्जन घटवायचे ते येत्या पंचवीस-तीस वर्षांत. भारताने निव्वळ शून्य उत्सर्जनासाठी २०७० हे साल स्वीकारले आहे. प्रात्यक्षिक संमीलन भट्टी सांगितल्याप्रमाणे २०६० मध्ये आली, तरी तोवर बहुतेक निर्णय होऊन गेलेले असतील. संमीलन हा नातवंडांच्या काळातील उपाय असू शकेल. आपल्या काळातील दिरंगाईचे ते निमित्त होऊ शकत नाही.

यावर एक प्रतिवाद संभवतो. मोठी स्वप्ने दाखवल्याशिवाय मोठ्या संशोधनाला पैसा मिळत नाही. भाभांनी जिनिव्हात सावध भाषा वापरली असती, तर कदाचित गोपनीयतेचा पडदा उठलाच नसता. या युक्तिवादात तथ्य आहे. अतिशयोक्ती हा अलंकार आहे, आणि अलंकाराने कधीकधी कार्य साधते. परंतु अलंकार हे अलंकार म्हणून ओळखले जाते तेव्हाच निरुपद्रवी असते. मुदत टळत गेली, की लोकांचा विश्वास त्या एका यंत्रावरून न उडता एकूण विज्ञानावरूनच उडू लागतो. वर्गातली मुले 'शास्त्रज्ञ काय, म्हणतच असतात' असे सहज म्हणून जातात, तेव्हा लसीबद्दलचे, महापुराच्या इशाऱ्याबद्दलचे आणि संमीलनाबद्दलचे शब्द ती एकाच टोपलीत टाकत असतात. महापुराच्या इशाऱ्यावर विश्वास न ठेवण्याची किंमत काय असते, हे नदीकाठच्या माणसाने पाहिलेले आहे. फुगवलेल्या आश्वासनाची किंमत अशी भलत्याच ठिकाणी वसूल होते.

तेव्हा भाषेच्या शिक्षकांनी काय करावे? आमची सूचना साधी आहे. पदव्युत्तर वर्गात आपण उपयोजित मराठी शिकवतो, अनुवाद शिकवतो, वृत्तलेखन शिकवतो. त्या तासांना संमीलनाची एखादी बातमी अभ्यासाला घ्यावी. तिच्यातील प्रत्येक क्रियापदाचा काळ पाहावा: 'मिळाली' आहे, 'मिळेल' आहे की 'मिळू शकेल' आहे? मराठीत हे तिन्ही स्पष्टपणे वेगळे आहेत, आणि मथळ्यात येताना तिसऱ्याचे पहिले कसे होते ते विद्यार्थ्यांना दाखवावे. 'खर्च', 'अमाप', 'स्वच्छ', 'कृत्रिम सूर्य' या शब्दांनी काय सांगितले आणि काय वगळले, ते विचारावे. हिशेबाची रेघ कोठे ओढली आहे ते शोधायला लावावे. कवितेतील प्रतिमा तपासताना आपण जी काटेकोर नजर वापरतो, तीच येथे वापरायची आहे. त्यासाठी भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही.

भाभांचे भाकीत चुकले, म्हणून भाभा लहान ठरत नाहीत. त्यांनी निदान साल सांगितले होते. साल सांगणारे भाकीत चुकू शकते आणि म्हणूनच ते तपासता येते. 'लवकरच', 'नजीकच्या भविष्यात', 'उंबरठ्यावर' असे शब्द वापरणारे भाकीत कधीच चुकत नाही आणि म्हणून त्यातून काही शिकताही येत नाही. यापुढे संमीलनाची बातमी वाचनात आली, की तिच्यात साल आहे काय, एवढे आपण पाहावे. असेल तर ते वहीत टिपून ठेवावे. आणि तोवर दारातल्या वेलाला पाणी घालण्याचे थांबवू नये.